भीमथडी, बारामती, इंदापूर : कांहीं प्रचलित स्थलनामव्युत्पत्तींचें परीक्षण

प्रस्तुत लेखाचें निमित्त लहानसें आहे. माझा एक जुना विद्यार्थी, जो आतां स्वतः बारामतीकडे शिक्षक आहे, त्यानें गेल्या वैशाखांत आठ-दहा पानांचें एक टिपण माझ्याकडे वाचावयास पाठविलें. पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांतील तालुक्यांचीं व कांहीं गांवांचीं नांवें कशीं पडलीं, हा त्याचा विषय. टिपण छापण्यासाठीं नव्हतें. शाळांच्या भिंतींवर व गांवांच्या वेशींपाशीं जे फलक लावावयाचे आहेत त्यांवरील मजकुराचा तो मसुदा होता. "गुरुजी, चुका असतील त्या निःसंकोचपणें सांगाव्या," असें सोबतच्या पत्रांत लिहिलें होतें. पुस्तकांतली चूक दुसऱ्या आवृत्तींत दुरुस्त होऊं शकते. फलकावरची चूक दहा वर्षांनीं परंपरा होते आणि वीस वर्षांनीं तीच पुरावा म्हणून पुढें येते. म्हणून मीं तें टिपण तांबडी शाई जवळ घेऊन, उत्तरपत्रिका वाचावी तसें वाचलें. वाचतां वाचतां सहाव्या पानावर एके ठिकाणीं हात थांबला. तो कां थांबला तें यथास्थळीं सांगतों.

टिपणकर्त्याचा उद्योग स्तुत्य आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. त्यानें गांवोगांव हिंडून वृद्धांस विचारलें आहे; देवळांचीं माहात्म्यें ऐकलीं आहेत. दोष आहे तो पद्धतींत, आणि तो त्याच्या एकट्याचा नाहीं. नांव ऐकावयाचें, त्याचे सोईस्कर तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यास आजच्या मराठींतला किंवा कोशांतला एक अर्थ चिकटवावयाचा, आणि मग त्या अर्थास साजेशी एक कथा शोधावयाची, हा क्रम आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे. खुद्द इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या अलौकिक बुद्धीच्या पुरुषानेंहि स्थलनामांवरून वसाहतकालाचा इतिहास उभारतांना केव्हां केव्हां पुराव्याच्या पुढें धांव घेतली, हें त्यांच्याविषयीं पूर्ण आदर बाळगूनहि म्हणावें लागतें. फरक इतकाच कीं राजवाडे ज्या मार्गानें गेले तो मार्ग ते दाखवीत, त्यामुळें त्यांची चूकहि पारखतां येते. फलकावरच्या तीन ओळींत मार्ग दिसत नाहीं. दिसतो तो केवळ निर्णय.

स्थलनामें कशीं पडतात याचें वर्गीकरण आपल्याकडे फार पूर्वीं झालें आहे. पाणिनीनें चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत चार संबंध सांगितले : अमुक वस्तु त्या ठिकाणीं आहे म्हणून; अमक्यानें तें वसविलें म्हणून; अमक्यांचा तेथें निवास म्हणून; आणि अमक्यापासून तें दूर नाहीं म्हणून. आमच्याच भागांतलीं उदाहरणें घ्यावयाचीं तर मोरगांव हें पहिल्या प्रकारांत घालतां येईल. इंदापूर तालुक्यांतलें वालचंदनगर हें दुसऱ्याचें निर्विवाद उदाहरण. शेठ वालचंद हिराचंद यांनीं गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत तेथें साखरेचा कारखाना काढला व वसाहत उभी केली. शेजारच्या काटेवाडीसारख्या आडनांवी वाड्या तिसऱ्या वर्गांत पडतात. चौथ्याचें याहून नेमकें उदाहरण मागूनहि मिळणार नाहीं असें बारामती तालुक्यांत आहे, तें म्हणजे कऱ्हावागज व नीरावागज. वागज दोन झालीं, तेव्हां जें कऱ्हेजवळ तें कऱ्हावागज व जें नीरेजवळ तें नीरावागज. येथें कथेची गरज नाहीं, आणि कोणी ती रचलेलीहि मीं ऐकली नाहीं. जेथें संबंध डोळ्यांपुढें असतो तेथें कथा उगवत नाहीं.

परंतु पाणिनीचें अधिक मोलाचें म्हणणें दुसरीकडे, पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत आहे. त्याचा भावार्थ असा कीं, देशाचें नांव हें लोकांत रूढ असलेली संज्ञा म्हणूनच प्रमाण आहे. तें जर व्युत्पत्तीच्या संबंधावरच अवलंबून असतें, तर तो संबंध तुटतांच नांवहि नाहींसें व्हावयास हवें होतें. तसें होत नाहीं. ज्या वैयाकरणानें व्युत्पत्तीचें एवढें प्रचंड यंत्र उभारलें, त्यानेंच स्थलनामांच्या बाबतींत असा इशारा देऊन ठेवावा हें आमच्या व्युत्पत्तिकारांनीं क्षणभर थांबून पाहण्याजोगें आहे.

आतां टिपणाकडे वळूं. पहिलें विधान असें : बारामतीचें जुनें नांव भीमथडी. हें विधान हल्लीं पुष्कळ ठिकाणीं आढळतें आणि तें चुकीचें आहे. भीमथडी हें कधींहि गांवाचें नांव नव्हतें. तें प्रदेशाचें व त्यावरून तालुक्याचें नांव होतें. इ. स. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणें खंडांत जिल्ह्याचे आठ तालुके दिले आहेत : जुन्नर, खेड, मावळ, हवेली, पुरंदर, शिरूर, भीमथडी व इंदापूर. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरांतहि तालुका भीमथडी व त्याचें मुख्य ठिकाण बारामती असेंच आहे. दौंडचा पेटा त्यांतच मोडत असे. म्हणजे दोन्ही नांवें एकाच वेळीं, दोन निराळ्या वस्तूंचीं म्हणून चालूं होतीं. त्याहून मागें जावें, तर पेशव्यांच्या काळांतले प्रसिद्ध सावकार बाबूजी नाईक जोशी हे 'बारामतीकर' म्हणूनच ओळखले जात. त्यांचे बंधु आबाजी हे पहिल्या बाजीरावाच्या भगिनी भिऊबाई यांचे पति. आणि बाजीरावाच्या मृत्यूनंतर, १७४० सालीं, पेशवेपद मिळविण्याची खटपट करणारे बाबूजी ते हेच. गांवाचें नांव जर भीमथडी असतें, तर हे गृहस्थ भीमथडीकर झाले असते.

चूक कोठून आली तें समजण्यासारखें आहे. वरच्या आठ नांवांकडे पुन्हां पाहावें. त्यांतलीं जुन्नर, खेड, शिरूर, इंदापूर हीं गांवांचीं नांवें आहेत. उरलेलीं चार तशीं नाहींत. मावळ म्हणजे सूर्य मावळण्याच्या दिशेचा प्रदेश, आणि त्याची कचेरी वडगांवास, पुरंदर हें किल्ल्याचें नांव, कचेरी सासवडास, हवेलीची पुण्यास, भीमथडीची बारामतीस. पैकीं पहिलीं तीन नांवें टिकलीं. भीमथडी मात्र गेलें, आणि त्याच्या जागीं कचेरीच्या गांवाचें नांव आलें. ज्याच्या जागीं दुसरें आलें तें त्याचेंच जुनें नांव असणार, अशी लोकांची समजूत झाली. (याच जिल्ह्यांत वेल्हें तालुक्याचें नांव राजगड झालें. पन्नास वर्षांनीं कोणी वेल्हें गांवाचेंच जुनें नांव राजगड ठरवूं नये म्हणून येथें नोंदवून ठेवतों. असो.)

भीमथडी जाण्यास कारणहि पुरेसें होतें. दौंड निराळें झाल्यावर भीमेचा कांठ दौंडाकडे गेला. खालचा कांठ इंदापुराचा पूर्वींपासूनचाच. बारामती तालुक्यास राहिल्या त्या कऱ्हा व नीरा. ज्या तालुक्यास भीमेचें पाणी लागत नाहीं त्यास भीमथडी म्हणणें सरकारी दप्तरास अवघड वाटलें असल्यास नवल नाहीं. पण पाणिनीचें वचन येथेंहि खोटें ठरलें नाहीं. दप्तरांतून गेलेलें नांव लोकांत उरलें. मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नांवाजलेलीं भीमथडीचीं तट्टें अद्याप त्याच नांवानें ओळखलीं जातात, आणि अलीकडे त्यांची स्वतंत्र घोड्यांची जात म्हणून राष्ट्रीय नोंदहि झाली आहे. पुण्यास दरवर्षीं भरणाऱ्या एका मोठ्या जत्रेनेंहि तेंच नांव घेतलें आहे.

दुसरें विधान या नांवाच्या व्युत्पत्तीचें. टिपणकर्ता म्हणतो, भीमा नदीचें पौराणिक नांव भीमरथी. त्याचाच अपभ्रंश भीमथडी. भीमरथी हें नांव खरेंच प्राचीन आहे. पुराणांतील नद्यांच्या याद्यांत तें आहे, आणि शके ५५६ च्या, म्हणजे इ. स. ६३४ च्या, ऐहोळे येथील दुसऱ्या पुलकेशीच्या शिलालेखांत ही नदी भैमरथी या रूपानें आली आहे. त्यामुळें ही व्युत्पत्ति संस्कृत जाणणाऱ्यास विशेष मोह घालते. मलाहि एके काळीं घातला होता. पण ती ध्वनिशास्त्रास मान्य होण्यासारखी नाहीं. प्राकृतांत दोन स्वरांमधील थ-काराचा ह-कार होतो : नाथ, नाह, कथ्, कह्. या नियमानें भीमरथीचें भीमरही व्हावें. त्यांतून थ जसाच्या तसा राहणें व पुढें कोठून तरी ड येणें यांस आधार नाहीं. उलट 'थडी' हा स्वतंत्र मराठी शब्द आहे. तट, तड, थड, थडी हीं एकाच कुटुंबांतलीं माणसें. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायांत मायानदीच्या रूपकांत हा शब्द आला आहे, आणि मोल्सवर्थच्या कोशांत त्याचा अर्थ नदीचा कांठ असाच आहे. गोदावरीचा कांठ ती गंगाथडी, भीमेचा कांठ ती भीमथडी. गंगाथडींत जर कोणास रथ सांपडत नाहीं, तर भीमथडींत तो हांकण्याचें कारण काय?

त्याच घडणीचें तिसरें नांव कऱ्हेपठार. जुन्या कागदांत 'तर्फ कऱ्हेपठार' असें तें येतें. अर्थ उघड : कऱ्हा नदीच्या बाजूचें पठार. कऱ्हा हें स्त्रीलिंगी, त्याचें सामान्यरूप कऱ्हे, जसें आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राच्या 'कऱ्हेचें पाणी' या नांवांत आहे. बोलण्यांत ऱ्ह-काराचा ड झाला व 'कडेपठार' हें रूप आलें. टिपणांत याचा अर्थ 'कड्यावरचें पठार' असा केला आहे. जेजुरीच्या डोंगरावर जुन्या खंडोबाच्या देवळाकडे चढतांना तो अर्थ पटतो, हें मीं स्वतः गुडघ्यांच्या साक्षीनें सांगूं शकतों. परंतु बारामती तालुक्यांत उंडवडी नांवाचीं दोन गांवें आहेत, एक उंडवडी सुपें व दुसरें उंडवडी कडेपठार. उंडवडीस कडा कोठें आहे? तेथें जाऊन उभें राहिलें कीं सगळी सपाट जमीन दिसते. हीं दोन विशेषणें जमिनीचें वर्णन करीत नाहींत. तीं जुन्या मुलकी विभागांचीं शेपटें आहेत. एक उंडवडी सुप्याच्या हिशेबांत, दुसरी कऱ्हेपठाराच्या. शिवाय 'कडा' पुल्लिंगी. त्याच्या सामान्यरूपावरून 'कड्यापठार' व्हावें, कडेपठार नव्हे. ज्यांस व्याकरणाचा कंटाळा असेल त्यांनीं उंडवडीस जाऊन यावें. निर्णय तोच होईल.

येथें एक अवांतर गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. कऱ्हेच्या उगमाची कथा अशी कीं, ब्रह्मदेवाचा कमंडलु कलंडला व त्यांतलें पाणी वाहूं लागलें, तीच ही नदी. 'कऱ्हा' म्हणजे लहान मातीचें जलपात्र, हा अर्थ मराठींत आहे. संस्कृत 'करक' याच्याशीं त्याचें नातें सहज दिसतें. टिपणकर्ता म्हणतो, कथेवरून नांव पडलें. मला क्रम उलटा दिसतो. नदीचें नांव आधींचें. तें मातीच्या कऱ्ह्यासारखें ऐकूं आलें. मग तो कऱ्हा कोणाच्या तरी हातांत देणें प्राप्त झालें, आणि ब्रह्मदेवाशिवाय योग्य हात कोणता? माहात्म्यकारास खोटारडा म्हणण्याचें कारण नाहीं. तोहि आमच्यासारखाच व्युत्पत्तिकार होता. त्याच्या काळीं व्युत्पत्ति कथारूपानें लिहीत, एवढेंच. म्हणून माहात्म्यकथा टाकून देऊं नये. नांवाचा उच्चार त्या काळीं काय होता याचा ती उत्तम पुरावा आहे. उगमाचा पुरावा मात्र ती नव्हे.

'हवेली' या शब्दाविषयीं टिपणकर्त्यानें जें लिहिलें आहे तें वाचून अनेकांस आश्चर्यहि वाटणार नाहीं, इतकें तें सर्वमान्य आहे. तो म्हणतो, पुण्याभोंवतीं सरदारांच्या मोठमोठ्या हवेल्या होत्या, म्हणून तालुका हवेली. वस्तुतः मुलकी भाषेंतील हा शब्द अरबी 'हवाली' याचें रूप आहे व त्याचा अर्थ भोंवतालचा प्रदेश, परिसर. मुख्य ठाण्याच्या सभोंवारचा मुलूख ती त्या ठाण्याची हवेली. म्हणूनच पुण्यास हवेली आहे, तशी जुन्या कागदांत वाईसहि 'समत हवेली' आहे. वाडा या अर्थाचा शब्द त्याच धातूचा खरा, पण तो चुलत भाऊ. इंदापूर तालुक्यांत शेटफळ दोन : शेटफळगढें व शेटफळ हवेली. या दुसऱ्या गांवीं जाऊन मोठा वाडा शोधणाऱ्यानें उन्हांत पायपीट मात्र करावी. माझ्या मतें तें इंदापूर कसब्याच्या हवेलींतलें, म्हणजे परिसरांतलें शेटफळ, एवढेंच त्या नांवाचें तात्पर्य.

आतां तें सहावें पान. तेथें बारामतीच्या नांवाचे तीन अर्थ दिले होते. एक, बारा प्रकारची माती. दुसरा, बारा मती म्हणजे बारा बुद्धिमान पुरुष. तिसरा, कोणी 'बार' नांवाच्या व्यक्तीवरून वा वस्तूवरून संस्कृत 'मती' प्रत्यय लागून झालेलें नांव. दुसऱ्या अर्थापुढें कंसांत लिहिलें होतें : 'एका जुन्या संस्कृत शिक्षकांनीं सांगितल्याप्रमाणें.' तो शिक्षक मी. वर्गांत मोरोपंत शिकवितांना, मुलांचें लक्ष उडालें म्हणजे, मी म्हणत असें कीं आर्याभारत व केकावली लिहिणारा कवि ज्या गांवीं राहिला तेथें एक सोडून बारा मती असल्या पाहिजेत. मुलें हंसत, आणि तास पुढें जाई. तीस वर्षांनीं तो विनोद प्रमाण होऊन माझ्यापुढें आला. तांबड्या शाईनें दुसऱ्याची चूक खोडणें सोपें. ही खोडतांना मात्र कांहीं वेळ लेखणी हातांत धरून बसलों.

या अर्थाचें खंडन करण्याचें काम तेव्हां माझ्याकडेच येतें. मोरोपंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्यास. बाबूजी नाइकांच्या आश्रयानें ते बारामतीस राहिले व १७९४ सालीं निवर्तले. पंतांच्या आश्रयदात्याचेंच उपनांव बारामतीकर. तेव्हां गांवाच्या नांवास पंतांच्या मतीची वाट पाहावी लागली नाहीं हें उघड आहे. बारा हा आंकडा कोणा अन्य विद्वानांचा म्हणावा, तर त्यांचीं नांवें सांगावीं लागतील. शिवाय 'मति' हा शब्द माणसाचा वाचक नाहीं. बुद्धिमान पुरुष सांगावयाचे तर कोणीहि गांव 'बारा बुद्धि' असें म्हणत नाहीं.

'बारा माती' हा अर्थ त्याहून लोकप्रिय आहे, आणि कऱ्हा व नीरा यांच्या मधल्या जमिनीचे नाना प्रकार पाहतां तो शेतकऱ्यास रुचतो. अडचण आहे ती उच्चाराची. 'माती' हा शब्द समासाच्या शेवटीं आला असतां त्याच्या पहिल्या आकाराचा अकार झाल्याचें दुसरें एखादें स्थलनाम दाखविलें पाहिजे. समासाच्या आरंभींच्या पदांत असा ऱ्हस्व होतो. शेवटच्या पदांत तो होण्यास काय कारण, तें सांगितल्याशिवाय हा अर्थ स्वीकारतां येत नाहीं.

तिसरा अर्थ माझ्या अभ्यासाच्या प्रांतांतला असल्यामुळें त्यावर थोडा अधिक थांबतों. नद्यांच्या व त्यांवरून स्थळांच्या नांवांस 'मत्' प्रत्यय लागतो, हें पाणिनीनेंच सांगितलें आहे. काशिकेंत त्याचीं उदाहरणें उदुम्बरावती, पुष्करावती, इक्षुमती, द्रुमती अशीं आहेत. या चार नांवांकडे नीट पाहावें. पहिल्या दोहोंत वती आहे, नंतरच्या दोहोंत मती. हा योगायोग नव्हे. शब्दाच्या अंतीं अ किंवा आ असेल तर प्रत्ययांतील म-काराचा व-कार होतो. इ, उ असल्यास होत नाहीं. म्हणून अमरावती, भोगावती. पण गोमती, भानुमती. या न्यायानें 'बार' किंवा 'बारा' यावरून बारावती व्हावें, बारामती होऊं नये. यव, द्राक्षा इत्यादि थोडे शब्द अपवाद म्हणून सांगितले आहेत, पण त्यांत बार नाहीं. (द्राक्षें आजच्या बारामतीकडे पुष्कळ होतात, आणि नीरेच्या कालव्यापासून उसाचें तर राज्यच आहे; इक्षुमती हें नांव या तालुक्यास किती शोभलें असतें! पण नांवें शोभेसाठीं पडत नाहींत.)

एवढ्यावर विजय पुकारून थांबलों असतों, तर मीहि त्या फलकाच्याच मार्गानें गेलों असतों. कारण या नियमाविरुद्ध जाणारें एक मोठें उदाहरण गुजराथेंत आहे. साबरमती नदीस राजशेखराच्या काव्यमीमांसेंत श्वभ्रवती म्हटलें आहे, पाणिनीच्या नियमास धरून. पद्मपुराणांतील माहात्म्यांत तीच साभ्रमती होते, आणि लोकांच्या तोंडीं साबरमती. म्हणजे व्याकरणानें वती असलेलें नांव लोकभाषेंत मती झालेलें प्रत्यक्ष आहे. तेव्हां बारामतीच्या मागें एखादी जुनी 'वती' असूं शकेल, हा पक्ष नियमाच्या जोरावर साफ मोडतां येत नाहीं. मात्र साबरमतीच्या बाबतींत दोन्ही रूपें ग्रंथांत आहेत. येथें जो हा पक्ष मांडील त्यानें तसें एक जुनें रूप ताम्रपटांत, शिलालेखांत किंवा पोथींत दाखविलें पाहिजे. बारा या आंकड्याचेंहि तसेंच. दख्खनच्या कोरीव लेखांत मुलखाच्या नांवास संख्या जोडण्याची चाल जुनी आहे, जसें कऱ्हाड चार हजार, मिरिंज तीन हजार. आणि बारा मावळें तर सर्वांस ठाऊक. म्हणून नांवांत संख्या असणें अशक्य नव्हे. पण अशक्य नव्हे म्हणजे सिद्ध झालें, असें नव्हे. मोडी कागदांवर फार भिस्त ठेवतां येत नाहीं; मोडींत ऱ्हस्व-दीर्घ इ-काराचा भेद बहुधा पाळीत नाहींत, त्यामुळें मति कीं मती हा वाद त्या लिपीपुढें नेण्यांत अर्थ नाहीं.

सुप्याविषयीं थोडक्यांत. सुपें हा मालोजी व शहाजी यांच्या जहागिरींतला प्रसिद्ध परगणा. शिवाजीमहाराजांनीं तो संभाजी मोहिते यांजकडून घेतला हें सर्वश्रुत आहे. टिपणांत नांवाचा संबंध धान्य पाखडण्याच्या सुपाशीं लावला आहे. शूर्प यावरून सूप हें रूप नियमानें येतें व शूर्पारक याचें सोपारा झालें, तेव्हां ध्वनीची हरकत नाहीं. गांवाची रचना सुपासारखी आहे हें पुढचें वाक्य मात्र खोडलें; उंचावरून पाहिलें म्हणजे कोणतेंहि गांव कशाहि सारखें दिसतें.

इंदापुराची गोष्ट अधिक समाधानकारक आहे. टिपणांत 'इंद्राची नगरी' असें आहे, आणि अर्धें तें बरोबर आहे. इंद्र याचें प्राकृत इंद, त्यापुढें पूर, मधला आकार कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर यांत ऐकूं येतो तसाच. पण 'पूर' हें अखंड राहिलें आहे, याकडे लक्ष द्यावें. फार जुन्या नांवांत प-काराचा लोप होऊन पुराचें ऊर होतें. माळव्यांतील इंदूर हें तसें झालें आहे. इंदूर व इंदापूर हीं एकाच आईबापांचीं लेंकरें, परंतु वयानें वेगळीं. किंवा धाकट्यास कोणी सुशिक्षितानें 'पूर' पुन्हां नीट म्हणावयास लाविलें असेल. नांव निदान निजामशाहीइतकें जुनें आहे. मालोजी राजे इंदापूरच्या लढाईंत पडले असें परंपरा सांगते, सालाविषयीं मतभेद असला तरी. गांवांत इंद्रेश्वराचें देऊळ आहे, आणि टिपणकर्त्यानें तेथेंच व्युत्पत्ति संपविली आहे : इंद्रानें लिंग स्थापिलें, म्हणून इंद्रेश्वर, म्हणून इंदापूर.

येथें तीन निरनिराळ्या शक्यता एकींत एक मिसळल्या आहेत. दख्खनमध्यें लिंगास स्थापणाऱ्याचें नांव देण्याची रीति चांगली प्रस्थापित होती. पट्टदकल येथें राणी लोकमहादेवीनें बांधविलेलें देऊळ लोकेश्वर, विजयादित्याचें तें विजयेश्वर. तेव्हां इंद्रेश्वराचा इंद्र हा स्वर्गांतला असण्याची गरज नाहीं. इंद्र नांवाचा कोणी मनुष्यहि असूं शकेल, आणि राष्ट्रकूटांत तर इंद्र नांवाचे राजेच अनेक झाले. दुसरी शक्यता, देवळावरून गांव. तिसरी, गांवाचें नांव आधींचें व त्यावरून देव इंद्रेश्वर झाला. पाणिनीच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिला पक्ष 'त्यानें वसविलें' याचा, दुसरा 'दूर नाहीं' याचा, आणि तिसऱ्यांत तर व्युत्पत्तीची दिशाच उलटते. कोणी तिसऱ्या इंद्रराजाचें नांव घेऊन दहाव्या शतकाचा फलक लावण्यापूर्वीं, देवळाच्या बांधणीचा काळ व नांवाचा सर्वांत जुना उल्लेख या दोन गोष्टी हातीं पाहिजेत. पुण्याचें नांव आज आपण निःशंकपणें आठव्या शतकापर्यंत नेतों तें पुण्य व पूनक हीं रूपें राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत, इ. स. ७५८ व ७६८ सालीं, डोळ्यांनीं दिसतात म्हणून. गोड वाटतात म्हणून नव्हे.

इंदापुरास या कामीं एक विशेष सोय आहे. मुंबई इलाख्यांतील जमीन-पाहणीची पद्धति जेथें प्रथम बसविली तो हाच तालुका. गोल्डस्मिड व विंगेट यांची १८३६ ची पाहणी येथूनच सुरू झाली. त्या काळापासून प्रत्येक गांवाचें नांव एका ठराविक रूपांत लिहिलें जाऊं लागलें. पाहणीपूर्वींच्या मोडी दप्तरांतील नांवें व पाहणीनंतरचीं नांवें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं, तर कित्येक गांवांचें 'मूळ नांव' कारकुनाच्या लेखणीनें घडविलें आहे कीं काय, हें कळेल. दुसरा, अधिक निकडीचा संग्रह भीमेच्या कांठचा. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें व भीमाकांठचीं जुनीं गांवठाणें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवाचें जुनें देऊळ उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे दिसूं लागतें. गांव वर आला तो नांव बरोबर घेऊनच आला. पण शेतांचीं, ओढ्यांचीं, पाणवठ्यांचीं जीं लहान नांवें होतीं तीं वर आलीं नाहींत. तीं आतां सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या तोंडींच आहेत. टिपणकर्त्यास वृद्धांशीं बोलण्याची हातोटी आहे. त्यानें 'गांवाचें नांव कां पडलें' हा प्रश्न सोडून 'अमक्या वावरास काय म्हणत' हा विचारला असता, तर त्याच आठ-दहा पानांत अमोल सामग्री आली असती.

टिपण मीं परत पाठविलें आहे. भीमथडी, कऱ्हेपठार व हवेली यांच्या ओळी फलकावर जाण्याजोग्या करून दिल्या; इंदापुराच्या ओळींत 'इंद्र' ठेवला व स्वर्ग काढला. बारामतीच्या फलकावर व्युत्पत्तीच्या जागीं बाबूजी नाईक व मोरोपंत यांचीं नांवें आणि १७९४ हें साल घालावें असें सुचविलें, आणि त्या जुन्या संस्कृत शिक्षकाचा आधार काढून टाकण्यास लिहिलें. उत्तर आलें : "गुरुजी, आपण सांगितलेलें गांवांत सगळ्यांना पाठ झालें आहे, आतां काढूं कसें?" यास मजजवळ अद्याप उत्तर नाहीं.

परगणे सुपें, बारामती व इंदापूर येथील देशमुख, देशपांडे, कुळकर्णी अशा ज्या घराण्यांच्या संग्रहीं १८३६ पूर्वींचे ताळेबंद, महजर किंवा गांवांच्या याद्या असतील, त्यांनीं त्यांतील गांवांचीं नांवें, अक्षरांत यत्किंचित् फेरफार न करतां उतरून मंडळाकडे पाठवावीं. कऱ्हावागज व नीरावागज यांच्या 'वागज' या समान पदाचीं जुनीं रूपें मिळाल्यास तीं प्रथम कळवावीं.